प्रारूप विकास आराखडा आणि वस्तीतल्या बायका: हरकत कशी तयार करायची, कशी टिकवायची

शहराचा प्रारूप विकास आराखडा प्रसिद्ध झाला की महिनाभर नगररचना विभागात अर्जांचे गठ्ठे येऊन पडतात. पुण्याच्या जुन्या हद्दीच्या आराखड्यावर 2013 मध्ये सुमारे 87 हजार हरकती-सूचना आल्या होत्या. अशा गठ्ठ्यांत महिला मंडळांचे आणि बचत गटांचेही अर्ज असतात. त्यातला मजकूर बहुतेक वेळा एकच: ‘महिलांसाठी सुरक्षित व सुविधायुक्त शहर करावे.’ अधिकारी त्यावर ‘नोंद घेतली’ असा शेरा मारतो आणि कागद पुढे सरकवतो. राग येतो, पण त्याचं चुकतं असं म्हणता येत नाही. नकाशावर कुठे आणि काय बदलायचं हे त्या अर्जात लिहिलेलंच नसतं.

खाली सगळा क्रम दिला आहे. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, 1966 च्या चौकटीत, महानगरपालिका किंवा नगरपालिका असलेल्या शहरासाठी. मुदत नोटिशीत छापलेली असते. बहुतेक शहरांत ती 30 दिवसांची. महिना पुरेसा वाटतो, पण त्यातला अर्धा नकाशा मिळवण्यात आणि समजून घेण्यात जातो. म्हणून यातली निम्मी कामं नोटीस निघण्याआधीची आहेत.

## 1. आधी मागण्यांचे दोन ढीग करा

सगळ्यात जास्त अर्ज इथेच वाया जातात. विकास आराखडा जमिनीबद्दल बोलतो. कुठली जमीन कशासाठी वापरायची, कुठे कसलं आरक्षण (म्हणजे शाळा, मंडई, बाग अशा सार्वजनिक कामासाठी राखून ठेवलेली जागा), कुठला रस्ता किती रुंद, एवढाच त्याचा आवाका. बंद पडलेला पथदिवा, तुंबलेलं गटार, वेळेवर न येणारी बस हे त्याच्या कक्षेत येत नाही. हे विषय हरकतीत घातले की बाकीची चांगली हरकतसुद्धा त्यांच्याबरोबर ‘संबंधित विभागाकडे वर्ग’ होते.

म्हणून पहिल्या बैठकीत एका मोठ्या कागदावर मधोमध रेघ मारा. डावीकडे जमिनीच्या मागण्या, उजवीकडे बाकीच्या. काही ठिकाणी गोंधळ होतोच:

- स्वच्छतागृहाला जागा नाही: डावीकडे. स्वच्छतागृह आहे पण कडी तुटलेली, पाणी नाही: उजवीकडे.
- रस्ता अरुंद, चालायला जागाच उरत नाही: डावीकडे. रस्ता रुंद आहे पण फूटपाथ बांधलेला नाही: उजवीकडे, पथ विभागाकडे.
- पाळणाघरासाठी भूखंड किंवा मजला: डावीकडे. पाळणाघर चालवायचं कोणी आणि पगार कोण देणार: उजवीकडे, महिला व बालकल्याण समितीकडे.
- नवीन इमारतींच्या नियमांत बदल: दोन्हीकडे नाही. डिसेंबर 2020 पासून मुंबई आणि काही क्षेत्रं सोडून राज्यभर एकच एकत्रीकृत नियमावली लागू आहे. तिच्यातला बदल एका शहराच्या आराखड्यातून होत नाही. ती सूचना थेट राज्याच्या नगरविकास विभागाकडे पाठवायची.

उजवा ढीग फेकायचा नाही. पुण्यात 2006-07 च्या अंदाजपत्रकापासून नागरिकांनी सुचवलेली छोटी कामं घेण्याची पद्धत आहे. तुमच्या शहरात तशी सोय असेल तर त्या अर्जांची तारीख वेगळी असते, ती आत्ताच लिहून ठेवा. महिला व बालकल्याणासाठी राखून ठेवलेला निधीही असतो. तो दरवर्षी शिलाई मशीन वाटपातच संपावा असं कुठे लिहिलेलं नाही.

तपासा: डाव्या ढिगातल्या प्रत्येक मागणीला ‘कुठली जमीन?’ असं विचारा. उत्तर आलं नाही तर ती मागणी अजून कच्ची आहे.

## 2. नोटिशीची वाट पाहू नका

आराखडा करायचा इरादा जाहीर झाल्यावर नियोजन प्राधिकरण, म्हणजे तुमची महानगरपालिका किंवा नगरपालिका, विद्यमान भूवापर नकाशा तयार करतं. अधिनियमाचं कलम 25. आज कुठल्या जागेवर काय चाललंय ते हा नकाशा सांगतो, आणि पुढची सगळी आरक्षणं त्याच्यावर उभी राहतात. इथे जे दिसलं नाही ते आराखड्याच्या दृष्टीने नाहीच.

बायकांच्या बाबतीत नेमकं हेच घडतं, कारण त्यांची बरीच कामं ठरावीक वेळी आणि उघड्यावर चालतात. आमच्याकडचं एक उदाहरण. नाल्याकाठच्या एका तुकड्यावर मंगळवारी आणि शनिवारी संध्याकाळी भाजीबाजार भरतो. बसणाऱ्या बहुतेक बायका आसपासच्या गावांतून टेम्पोने येतात. सर्वेक्षणवाले दुपारी बाराला येऊन गेले असणार, कारण नकाशात ती जागा ‘रिक्त’. पुढे प्रारूप आराखड्यात तिथे वाहनतळाचं आरक्षण पडलं. दुष्टपणा कोणाचाच नव्हता. दुपारी बाराला तिथे खरोखरच काही नसतं. दोन कुत्री आणि कोबीची वाळकी पानं.

म्हणून भूवापर नकाशा लागला की तो तपासा, आणि चूक दिसली की तेव्हाच लेखी कळवा. पुढे हरकत घेताना त्या पत्राची पोच फार उपयोगी पडते.

या टप्प्यावर तीन गोष्टी जमवून ठेवा:

1. आपल्या भागाचा आधीचा मंजूर आराखडा. त्यातली किती आरक्षणं ताब्यात आली आणि किती कागदावर राहिली हे पाहा. शाळा, प्रसूतिगृह, मंडई यांची आरक्षणं वर्षानुवर्षं तशीच पडून राहतात आणि नव्या आराखड्यात गुपचूप गळतात.
2. सर्व्हे नंबर किंवा सिटी सर्व्हे नंबर. ‘शाळेमागचं मैदान’ म्हटलं तर अधिकाऱ्याला कळत नाही.
3. भूवापर नकाशाची प्रत.

सावध: नोटीस निघाल्यावर माहितीच्या अधिकारात नकाशा मागवायच्या भानगडीत पडू नका. त्या अर्जाला उत्तर द्यायला कार्यालयाला 30 दिवस असतात, आणि तुमच्याकडेही 30 दिवसच आहेत. प्रारूप आराखडा जनतेला पाहायला ठेवणं आणि त्याच्या प्रती वाजवी किमतीत विकत देणं कलम 26 नुसार बंधनकारकच आहे. सरळ कार्यालयात जा, पैसे भरा, पावती घ्या.

## 3. कोणाला बोलवायचं, आणि केव्हा

‘बैठक ठेवली होती, बायका आल्याच नाहीत.’ हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता मी फक्त बैठकीची वेळ विचारते. उत्तर रविवारी सकाळी अकरा. धुणं, पाणी भरणं, मटण आणणं, पोरांच्या आंघोळी, सगळं त्याच वेळी. बायका यायच्या कशा?

एक मोठी बैठक घेऊ नका. चार-पाच लहान बैठका घ्या, बायका आधीच जमतात तिथे आणि तेव्हा. धुणीभांडी करणाऱ्यांसाठी दुपारी दोन ते चार, दोन पाळ्यांच्या मधला वेळ. कारखान्यात जाणाऱ्यांसाठी कंपनीच्या बसथांब्यावर. भाजीवाल्यांसाठी बाजार मांडायच्या आधी. कॉलेजच्या मुलींसाठी वेगळी, आया-मावश्या शेजारी नसताना. नाहीतर कुठल्या गल्लीत त्रास होतो हे मुली सांगत नाहीत, कारण सांगितलं की दुसऱ्या दिवसापासून कॉलेज बंद.

कोण हमखास सुटतं ते आधी लिहून काढा: भाडेकरू, रात्रपाळीच्या नर्स आणि सफाई कामगार, व्हीलचेअर किंवा काठी वापरणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या, तृतीयपंथी, नुकत्या दुसऱ्या राज्यातून आलेल्या. प्रत्येक गटातली निदान एक व्यक्ती भेटल्याशिवाय ‘महिलांचं म्हणणं’ असा मथळा देऊ नका.

पुरुषांना बोलवायचं का? बोलवा, पण दुसऱ्या फेरीत. पहिल्याच बैठकीत मंडळाचे अध्यक्ष खुर्ची टाकून बसले की पुढचे दोन तास पार्किंगवर जातात.

आता एक अवघड गोष्ट. बायका म्हणजे एकच मत, असं नसतं. सोसायटीतल्या बायका म्हणतील, हातगाड्या हटवा, रस्ता मोकळा आणि सुरक्षित करा. हातगाडीवालीसुद्धा बाईच आहे, आणि रात्री साडेनऊला त्याच रस्त्यावरून एकटी येणारी मुलगी सांगते की गाड्या असेपर्यंत भीती वाटत नाही, उठल्या की वाटते. हा वाद झाकून ठेवला तर सुनावणीत फुटतो आणि समिती दोन्ही मागण्या बाजूला ठेवते. म्हणून दोन्ही गटांना एकत्र बसवून आधी सोडवा. आमच्याकडे मार्ग असा निघाला: गाड्या रस्त्यावरून आत घेण्यासाठी लगतच्या जागेवर मंडईचं आरक्षण मागायचं, म्हणजे चालणारीला फूटपाथ आणि विकणारीला हक्काची जागा. पथविक्रेता अधिनियम, 2014 नुसार नगर पथविक्रेता समितीत किमान 40 टक्के सदस्य विक्रेत्यांचे आणि त्यांतल्या एक तृतीयांश महिला असायला हव्यात. तुमच्या शहरात त्या महिला सदस्य कोण आहेत ते शोधा आणि त्यांना बोलवा.

सावध: वस्ती सरकारी किंवा आरक्षित जमिनीवर असेल तर घरं नकाशावर दाखवायची की नाही, हे त्या घरांतल्या बायकांशी बोलून आधी ठरवा. बागेची मागणी करताना ती बाग स्वतःच्याच झोपडीवर पडेल असं होऊ देऊ नका. हे घडलेलं आहे.

## 4. दिवसाचा फेरा नकाशावर उतरवा

‘तुम्हाला काय हवंय?’ हा प्रश्न विचारू नका. त्याला उत्तर येतं ‘पाणी’, नाहीतर ‘तुम्ही म्हणाल ते’. त्याऐवजी कालचा दिवस विचारा. पहाटेपासून कुठे कुठे गेलात, कशाने, बरोबर कोण होतं, किती वेळ लागला?

पुरुषाचा फेरा बहुतेक सरळ निघतो: घर, काम, घर. बाईचा तसा नसतो. पोराला बालवाडीत सोडायचं, तिथून पहिल्या कामाच्या घरी, मध्येच रेशन, दुसरं काम, पोराला परत आणायचं, सासूला दवाखान्यात न्यायचं. एकाच फेरीत पाच थांबे, त्यातले चार चालत, हातात पिशवी आणि कडेवर पोर. आराखड्यातले मोठे रस्ते या फेऱ्यासाठी काढलेलेच नसतात.

नकाशावर बसायच्या आधी एक तयारी करा, ती फार कमी लोक करतात. सर्व्हेच्या नकाशावर पिठाची गिरणी, रेशनचं दुकान, देऊळ, नळकोंडाळं, अंगणवाडी, रिक्षाथांबा या खुणा स्वतः जाऊन आधीच मांडून ठेवा. कोऱ्या सर्व्हे नकाशावर माणसाला स्वतःचं घर सापडत नाही. आमच्या एका मावशींनी नकाशा पाच मिनिटं फिरवून फिरवून पाहिला, मग उलटा धरला, गिरणीवर बोट ठेवलं आणि म्हणाल्या, ‘आता कळलं, तुमचा कागदच उलटा होता.’ त्यानंतर बोट थांबेना. गिरणीमागे कुठली भिंत पडलीय, कुठून आत शिरता येतं, कुठल्या बोळात दारूवाले बसतात, सगळं पंधरा मिनिटांत.

तीन रंगांचे धागे किंवा स्केचपेन घ्या. रोजचा रस्ता एका रंगात. टाळला जाणारा रस्ता दुसऱ्या रंगात. असायला हवा होता पण नाही, तो तिसऱ्या. टाळलेला रस्ता सगळ्यात महत्त्वाचा, कारण तो कुठल्याच वाहतूक मोजणीत दिसत नाही. ज्या रस्त्याने कोणी जातच नाही तिथे मोजणार काय?

मग प्रत्यक्ष फेरी. त्याच वाटेने दोनदा, एकदा दुपारी आणि एकदा दिवे लागल्यावर. आठ-दहा जणी पुरे. पंचवीस जणींची मिरवणूक निघाली की गल्लीतला नेहमीचा नजारा पळून जातो. बरोबर मोजपट्टी हवीच. काय मोजायचं?

- फूटपाथची मोकळी रुंदी. निवासी भागात किमान 1.8 मीटर मोकळी जागा आणि 150 मिलिमीटरपेक्षा कमी उंची, असा भारतीय रस्ते काँग्रेसचा निकष आहे. खांब, झाड, डीपी बॉक्स वजा करून मोजा.
- बागेची, मैदानाची फाटकं किती आणि कुठल्या रस्त्यावर उघडतात. एकच फाटक आणि तेही मागच्या बोळात, अशी बाग बायकांसाठी बंदच.
- सार्वजनिक स्वच्छतागृहात बायकांसाठी किती सीट. वस्तीतल्या सामुदायिक स्वच्छतागृहासाठी स्वच्छ भारत अभियानाचा निकष 35 पुरुषांमागे एक आणि 25 महिलांमागे एक सीट असा आहे. म्हणजे 500 बायकांच्या वस्तीत 20 सीट. चालू असलेल्याच मोजा, कुलूप लावलेल्या नाही.
- बसथांब्यापासून वस्तीपर्यंत चालायला लागणारी मिनिटं, रात्रीची.

फोटो जागेचे काढा, माणसांचे नको.

सावध: छेडछाडीच्या जागा नोंदवताना कोणाचं नाव, फोन, घर नंबर लिहू नका. हरकतीला जोडलेला कागद सरकारी नोंदीत जातो आणि उद्या कोणाच्याही हातात पडू शकतो. ‘7 जणींनी ही जागा सांगितली’ एवढं पुरतं.

## 5. प्रारूप आराखडा वाचणं

नोटीस निघाली की पहिल्या तीन दिवसांत आपल्या भागाची शीट आणि अहवाल मिळवा. संकेतस्थळावरची पीडीएफ बऱ्याचदा अस्पष्ट असते. आरक्षण क्रमांक वाचता येत नसेल तर छापील प्रत घ्याच.

वाचायचा क्रम असा. आधी संकेतसूची: कुठला रंग, कुठली रेघ म्हणजे काय. मग प्रमाण. 1:5000 असेल तर नकाशावरचा 1 सेंटिमीटर म्हणजे जमिनीवर 50 मीटर. एक पट्टी कापून त्यावर 500 मीटरची खूण करून ठेवा. चालत सात-आठ मिनिटांचं अंतर. ही पट्टी अंगणवाडी, शाळा, मंडई, बस यांच्यात फिरवली की फार काही बोलावं लागत नाही. मग तुमचा धाग्यांचा नकाशा शेजारी ठेवा आणि तीन प्रश्न विचारा: रोजच्या वाटेवर नवं काय आलं, आधीचं काय गेलं, आणि टाळलेल्या वाटेवर काय टाकलंय.

नकाशावर थांबू नका. कलम 26 प्रमाणे प्रारूप आराखड्यासोबत विकासाच्या टप्प्यांचा अहवाल आणि जमीन संपादनाच्या अंदाजे खर्चाचा हिशेबही असतो. हा भाग फारसा कोणी उघडत नाही. नकाशावर नोकरदार महिलांचं वसतिगृह रंगवलेलं असतं, आणि टप्प्यांच्या तक्त्यात ते शेवटच्या पाच वर्षांत. तुम्ही आरक्षण बघून खूश होता आणि हरकतच घेत नाही. टप्पा बदलून मागणं हीसुद्धा सूचनाच आहे.

अहवालात लोकसंख्येनुसार सुविधांची गरज आणि तफावत मांडलेली असते. तुमच्या विभागाची ओळ शोधा. प्राधिकरणाच्या स्वतःच्या तक्त्यात प्रसूतिगृह कमी पडतंय असं लिहिलेलं असेल तर तुम्हाला वेगळा पुरावा लागतच नाही.

## 6. हरकत लिहा: एका अर्जात एकच जागा

बारा मागण्यांचं एक निवेदन देऊ नका. बारा अर्ज द्या. प्रत्येक अर्ज एका जागेचा, एका पानाचा. समितीपुढे अर्ज आरक्षणनिहाय आणि विभागनिहाय लावले जातात; बारा मागण्यांचा एक अर्ज एकाच ठिकाणी लागतो आणि उरलेल्या अकरा हवेत जातात.

भाजीबाजाराच्या जागेचा अर्ज साधारण असा लिहायचा. आकडे नमुन्यादाखल आहेत, तुमचे मोजून घाला.

> विषय: प्रारूप विकास आराखडा, विभाग क्र. __, शीट क्र. __, आरक्षण क्र. __ (वाहनतळ), सर्व्हे नं. __ याबाबत हरकत व सूचना.
>
> सद्यस्थिती: सदर जागेवर दर मंगळवारी व शनिवारी सायं. 5 ते 9 भाजीबाजार भरतो. दि. __ व दि. __ रोजी केलेल्या मोजणीत 60 विक्रेते आढळले, त्यांपैकी 48 महिला. विद्यमान भूवापर नकाशात जागा ‘रिक्त’ दाखवली आहे. त्याबाबत दि. __ रोजी पत्र दिले आहे (पोच जोडली आहे).
>
> हरकत: वाहनतळाचे आरक्षण कायम राहिल्यास चालू बाजार बंद पडेल. सर्वांत जवळची मंडई __ मीटर अंतरावर आहे.
>
> मागणी: आरक्षण बदलून ‘मंडई, महिलांसाठी स्वच्छतागृह व पाळणाघर’ असे करावे. मुख्य प्रवेश 12 मीटर रस्त्याकडून ठेवावा.
>
> पर्याय: ते शक्य नसल्यास तळमजल्यावर मंडई व वरच्या मजल्यांवर वाहनतळ, असे संयुक्त आरक्षण करावे.
>
> प्रत्यक्ष सुनावणीची विनंती आहे.

पर्यायाची ओळ गाळू नका. अधिकाऱ्याला पूर्ण ‘हो’ म्हणणं अवघड असतं; अर्धं ‘हो’ म्हणायची वाट तुम्हीच काढून दिलीत तर तो ती घेतो. मंडईच्या आरक्षणात पाळणाघर कसं, असं कोणी म्हटलं तर आधीचा दाखला पुढे करा. 2018 मध्ये मंजूर झालेल्या मुंबईच्या विकास आराखडा 2034 मध्ये नोकरदार महिलांसाठी बहुउद्देशीय निवास, आधार केंद्र (आधार कार्डाचं नव्हे, बायकांना आधार देणारं), बेघरांसाठी निवारा अशी आरक्षणं आहेत, आणि त्या प्रक्रियेत महिला संघटनांनी या मागण्या लावून धरल्या होत्या. दुसऱ्या शहराने केलेलं आहे म्हटलं की खुर्चीत बसलेला माणूस जरा सैल होतो.

नेहमीच्या चुका, थोडक्यात:

- एकच मजकूर छापून त्यावर पाचशे सह्या. असे अर्ज एकत्र बांधले जातात आणि त्यांना एकच शेरा मिळतो. त्यापेक्षा वेगवेगळ्या बायकांचे, स्वतःच्या शब्दांतले वीस अर्ज जड पडतात.
- ‘विरोध आहे’ एवढंच लिहिणं. काय नको बरोबर काय हवं तेही लिहा.
- मागणी मोठी करण्यासाठी ‘महिला व बालके, ज्येष्ठ, दिव्यांग, सर्व घटक’ अशी यादी. त्या जागेवर खरोखर कोण आहे तेवढंच लिहा.
- कोणीतरी वकिली भाषेत लिहून दिलेला अर्ज. सुनावणीत सही करणाऱ्या बाईला त्यातलं काही सांगता येत नाही.

तपासा: सही करायच्या आधी अर्ज मोठ्याने वाचून दाखवा आणि सही करणारीला विचारा, ‘हा अर्ज कशाबद्दल आहे?’ तिने स्वतःच्या शब्दांत सांगितलं तरच सही.

## 7. दाखल करणं आणि सुनावणी

शेवटच्या दिवशी जाऊ नका. रांग असते, आवक विभागाचा शिक्का संपतो, संकेतस्थळ बसतं. पंचविसाव्या दिवसापर्यंत सगळे अर्ज आत. प्रत्येकाच्या दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या, आणि सगळे क्रमांक एका वहीत लिहा. ही वही एकीच्याच घरी नको. फोटो काढून आणखी दोघींकडे पाठवा.

कलम 28 प्रमाणे हरकती नियोजन समितीपुढे जातात. तिच्यात स्थायी समितीचे तीन सदस्य आणि नगररचना किंवा पर्यावरणातले चारपर्यंत तज्ज्ञ असतात. सुनावणीचं पत्र कधीकधी आदल्या दिवशी येतं आणि वेळ असते कामावर जायची. म्हणून प्रत्येक अर्जासाठी दोन बोलणाऱ्या ठरवून ठेवा. एकीला सुट्टी मिळाली नाही तर दुसरी.

आत दोन-तीन मिनिटं मिळतात. घरी घड्याळ लावून सराव करा. क्रम ठरलेला ठेवा: आरक्षण क्रमांक, जागेवर आज काय आहे, काय बदलायचं. तक्रारीचा इतिहास सांगू नका. एक फोटो आणि धाग्यांच्या नकाशाची ए-3 प्रत टेबलावर ठेवा. नकाशाकडे समितीची मान वळतेच. भाषणाची सवय असलेल्या संस्थेच्या ताईंनी मागे बसायचं. बाजारात बसणारी बाई ‘साहेब, मी तिथे बावीस वर्षं बसते’ म्हणते तेव्हा पुढचा प्रश्न तिलाच विचारला जातो, आणि त्याचं उत्तर तिच्याइतकं कोणालाच माहीत नसतं.

बाहेर आल्यावर लगेच, जिन्यातच, काय विचारलं आणि काय उत्तर दिलं ते लिहून काढा. त्याच दिवशी आवक विभागात एक पानाचं पत्र द्या: ‘आज सुनावणीत आम्ही पुढील मुद्दे मांडले.’ तोंडी बोललेलं नोंदीत येण्याचा हा एकमेव भरवशाचा मार्ग.

## 8. सुनावणीनंतर पाळत

इथे बहुतेक गट घरी जातात. पण आराखडा अजून बराच हलतो. समितीच्या अहवालानंतर प्राधिकरण बदल करतं, मग आराखडा कलम 30 खाली शासनाकडे जातो, आणि कलम 31 खाली शासन मंजुरी देताना स्वतःचे बदल करतं. मोठ्या स्वरूपाचे बदल असले की तो भाग वगळून पुन्हा हरकतींसाठी प्रसिद्ध होतो. नगररचनेच्या भाषेत ‘ई.पी.’ म्हणजे वगळलेला भाग. त्यावर पुन्हा मर्यादित मुदत. समितीने तुमची मंडई मान्य केली आणि शासनाच्या टप्प्यावर ती गेली, असं झालं तर हीच शेवटची खिडकी.

मंजुरीनंतरही दोन कलमं लक्षात ठेवा. कलम 37: मंजूर आराखड्यातलं आरक्षण फेरबदलाने बदलता येतं, त्यासाठी वर्तमानपत्रात नोटीस आणि हरकतींना एक महिना. कलम 127: आराखडा अमलात आल्यापासून 10 वर्षांत जमीन संपादित झाली नाही तर मालक खरेदी सूचना (‘माझी जमीन विकत घ्या’ अशी नोटीस) देऊ शकतो, आणि त्यानंतर 24 महिन्यांत पावलं उचलली नाहीत तर आरक्षण रद्द होतं. आपल्या आरक्षणाची दहा वर्षं कधी भरतात ती तारीख वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा, आणि आठव्या वर्षापासून दर अंदाजपत्रकाआधी संपादनाची तरतूद मागा.

फेरबदलाच्या नोटिशी बारीक टायपात, निविदांच्या आणि हरवलेल्या कागदपत्रांच्या जाहिरातींमध्ये येतात. आमच्या गटात हे काम एका निवृत्त शिक्षिकेकडे आहे. त्या रोज चहाबरोबर दोन पेपरांतलं ते पान भिंग घेऊन वाचतात आणि सर्व्हे नंबर वहीशी ताडून पाहतात. गेल्या तीन वर्षांत दोनदा आमचा नंबर निघाला. दोन्ही वेळा मुदतीचे वीसहून अधिक दिवस हातात होते.